काडतुसं घरी भरली, आता ठाण्यातून बोलावणं आलंय

प्रश्न: मी ट्रॅपचा, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या टिपण्याच्या खेळाचा, नेमबाज आहे. बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना माझ्या नावावर आहे. क्लबातले एक ज्येष्ठ नेमबाज वारले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी काडतुसं भरायचं त्यांचं प्रेस, रिकाम्या पुंगळ्या, वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधली गादी), छर्रे आणि उरलेली बंदुकीची दारू व प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) मला देऊन टाकले. त्यावर मी साधारण चारशे काडतुसं भरली. बहुतेक सरावात संपली, पन्नासचा एक डबा मित्राला दिला. मित्राच्या परवान्याचं नूतनीकरण होतं, त्या तपासणीत ही छाप नसलेली काडतुसं निघाली आणि त्याने माझं नाव सांगितलं. आता ठाण्यातून फोन आलाय, ‘येऊन जबाब द्या.’ मी एकही काडतूस विकलेलं नाही. हा गुन्हा होतो का? घरातलं सगळं नष्ट करून टाकू का? बंदुकीचा चापही मी स्वतः हलका करून घेतलाय, त्याचं काय?

उत्तर: आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर, कारण तुम्ही आज रात्रीच काहीतरी करून बसाल अशी मला भीती वाटते. काहीही नष्ट करू नका. पुंगळ्या भंगारात देऊ नका, दारू जाळू नका, प्रेस कुणाच्या शेतावर नेऊन ठेवू नका. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 खाली वेगळा गुन्हा आहे. आज तुमच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे: तुम्ही खेळाडू आहात आणि लपवालपवी केलेली नाही. ती हातची घालवू नका. भरलेली काडतुसं उघडून मोकळी करायलाही जाऊ नका. त्यात कायद्याआधी हातापायाला धोका आहे.

आता गुन्ह्याचं. तुम्हाला बरं वाटेल असं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून सरळच लिहितो. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या फार लांबवर पसरलेली आहे. भरलेलं काडतूस तर त्यात येतंच, पण दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि तो तयार करायचं यंत्रही येतं. म्हणजे तुमच्या टेबलावर बसवलेलं ते प्रेस कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा आहे. बहुतेक नेमबाजांना हे ठाऊकच नसतं. परवाना असल्यावर काडतूस विकत घेतलं काय आणि घरी भरलं काय, एकच, असं त्यांना मनापासून वाटतं.

ते एक नाही. तुमचा परवाना कलम 3 खालचा आहे, बंदूक आणि ठराविक काडतुसं जवळ बाळगण्याचा. काडतूस तयार करणं कलम 5 मध्ये येतं आणि त्याला वेगळा परवाना लागतो. विक्री केली नाही हा तुमचा मुद्दा इथे फारसा चालत नाही. कलम 5 च्या पहिल्या भागात ‘तयार करणे’ हे नुसतं तेवढंच लिहिलं आहे. ‘विक्रीसाठी’ हे शब्द पुढच्या भागात, माल मांडून ठेवण्याच्या संदर्भात येतात. जुनी पुंगळी पुन्हा भरणं म्हणजे ‘तयार करणे’ नव्हे, कारखान्यात नवं बनवणं म्हणजेच ‘तयार करणे’, असा युक्तिवाद करता येईल आणि तुमच्या वकिलांनी तो जरूर करावा. पण वापरलेल्या, निकामी पुंगळीतून उडणारं काडतूस उभं राहतं, हे न्यायालय नजरेआड करील असं मला वाटत नाही. त्या युक्तिवादावर सगळी भिस्त ठेवू नका.

शिक्षा जाणून घ्या, म्हणजे घाई का करायची ते कळेल. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 5 च्या भंगाला कलम 25(1) खाली किमान 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. दुरुस्तीआधी हीच शिक्षा 3 ते 7 वर्षं होती. बेकायदा कट्टे बनवणाऱ्यांना जरब बसावी म्हणून केलेला हा बदल एखाद्या सरळमार्गी खेळाडूलाही त्याच तराजूत बसवतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. पण कायदा आज असा आहे. नुसता विनापरवाना ताबा असेल तर कलम 25(1B) खाली 2 ते 5 वर्षं. या दोन्हींतला फरक तुमच्या बचावाचा कणा आहे: प्रकरण ताब्यापुरतं राहिलं तर खटल्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, अटकेवरही बंधनं येतात. कलम 5 लागलं की यातलं काहीच उरत नाही.

मित्राला दिलेला डबा वेगळा त्रास देणार आहे. या कायद्यात ‘हस्तांतरण’ म्हणजे फक्त विकणं नव्हे. उसनं देणं, भेट देणं, ताबा सोडणं, सगळं त्यात आलं. स्वतःसाठी कायदेशीरपणे बाळगलेली काडतुसं दुसऱ्या परवानाधारकाला देता येतात, पण आधी लेखी कळवून आणि 45 दिवस थांबून. तुमची काडतुसं मुळात कायदेशीर मार्गाने आलेली नसल्यामुळे ही सवलत तुम्हाला मिळणं अवघड आहे. शिवाय दारू आणि प्रायमर हे विस्फोटक अधिनियम, 1884 च्या कक्षेतही येतात.

तुम्ही हे का केलंत ते मला समजतं. ट्रॅपच्या पात्रता फेरीत 125 तबकड्या, प्रत्येक तबकडीवर दोन बार मारायची मुभा, आणि काडतुसात 24 ग्रॅम छर्रे. सरावाला हजारांनी काडतुसं लागतात, एकाच लॉटची मिळत नाहीत, आणि दोन लॉटमधला फरक खांद्याला आधी कळतो. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, त्यामुळे बाहेर खेळून आलेले खेळाडू ते सहज बोलून जातात. हे सगळं जामिनाच्या अर्जात लिहा. हेतू काय होता हे जामिनाच्या वेळी आणि शिक्षा ठरवताना पाहिलं जातं. गुन्हा झाला की नाही, हे मात्र हेतूवर ठरणार नाही.

आता करायचं काय. ठाण्यात एकट्याने जाऊ नका. आधी फौजदारी काम करणारा वकील गाठा आणि सत्र न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. फोनवरच्या बोलावण्याला वकिलामार्फत लेखी उत्तर द्या: तपासाला सहकार्य करू, लेखी नोटीस द्यावी. बोलावलेलं टाळू नका, पण स्वतःला गुन्ह्यात गोवणारं उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) चं संरक्षण आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात तुमच्याविरुद्ध चालत नाही, मात्र त्यातून घरचा माल सापडला तर तेवढा भाग चालतो. ‘सगळं खरं सांगून टाकतो, मग सोडतील’ हा विचार सोडा. खोटं बोलायचं नाही, एवढं पाळा.

जामिनाचा अर्ज दाखल होताच प्रेस, दारू, प्रायमर आणि उरलेली काडतुसं जमा करण्याची तयारी त्याच अर्जात लिहून द्या. ताबा कायदेशीर राहिला नाही तर माल विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा, असं कलम 21 सांगतं. तुमचा ताबा सुरुवातीपासूनच सदोष असल्यामुळे हे कलम तंतोतंत लागू होईलच असं नाही, पण तुमचा प्रामाणिकपणा त्यातून दिसेल. हा क्रम उलटा करू नका. आधी माल, मग अर्ज असं केलंत तर पुरावाही तुम्हीच दिलेला असेल आणि संरक्षणही नसेल. माल गाडीत टाकून स्वतः नेऊ नका. पोलिसांनी येऊन पंचनामा करून न्यावा. जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानेच आवश्यक आहे. जप्तीच्या यादीची प्रत मागून घ्या. तोवर दारू मूळ डब्यातच ठेवा, प्रायमर वेगळ्या कपाटात, आणि दोन्हींना कुलूप.

परवाना, काडतूस खरेदीच्या नोंदी, स्पर्धांची गुणपत्रकं, संघटनेचं ओळखपत्र एकत्र काढून ठेवा. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची कारवाई वेगळी चालेल. तसा आदेश आला तर कारणं लेखी मागा; कलम 18 खाली अपील करता येतं.

चापाबद्दल एवढं घाबरू नका. उत्पादकाने मालकासाठी जो स्क्रू ठेवलाय तो फिरवून चाप हलका केला, कुंद्याची उंची बदलली, फिरकीचा चोक (नळीच्या तोंडाशी बसणारा, छर्ऱ्यांचा पसारा ठरवणारा तुकडा) बदलला, तर त्याला दुरुस्ती किंवा रूपांतर म्हणणं ओढूनताणून होईल. पण आतला भाग घासून किंवा बदलून घेतला असेल, तर तो कुणाकडून ते महत्त्वाचं. ‘दुरुस्ती’ हा शब्दही कलम 5 मध्येच आहे आणि ते काम परवानाधारक कारागिराचंच. नळी कापून आखूड करणं कलम 6 खाली येतं, तिकडे वळूच नका. आणि आवाज दाबणारा भाग कुणी सुचवला तर ठाम नाही म्हणा. तो भागच कायद्याने अग्निशस्त्र मानला आहे.

मित्राशी या विषयावर फोनवर किंवा मेसेजवर काहीही बोलू नका, त्याला जबाब बदलायला सांगू नका. आणि ज्यांनी हा साठा तुम्हाला दिला त्या घरी आज कुणाकडून तरी निरोप पाठवा. त्या ज्येष्ठांची बंदूक अजून कपाटात असेल तर परवानाधारक गेल्यामुळे तिचा ताबा आता घरच्यांकडे विनापरवाना आहे. त्यांनी स्वतःचा वकील घेऊन ती ताबडतोब जमा करावी आणि पावती घ्यावी. त्यांच्या वाट्याला तरी हे येऊ नये.