पाठीतलं पाणी आणि स्मृतिभ्रंश : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. दोन वर्षांपासून विसरभोळेपणा वाढत चाललाय. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासायला सांगितलंय, पण गावी सगळे म्हणतात, पाणी काढलं की माणूस लुळा पडतो. (सांगली)

ही भीती मी घरोघरी ऐकतो आणि तिच्यापायी निदान रखडतं, याचं फार वाईट वाटतं. पाठीतलं पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव; विसरभोळेपणामागे अल्झायमर आहे का, याच्या खुणा त्यात सापडतात. आपल्याकडे पाठीतलं पाणी काढलं जायचं ते बहुतेक मेंदूज्वराच्या रुग्णाचं. तो आधीच अत्यवस्थ असायचा. पुढे हातपाय गेले ते आजाराने, पण नाव सुईचं झालं.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. सुई त्याच्या खाली घालतात, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. रुग्णाला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, जागा बधिर करतात आणि पाणी थेंब थेंब ट्यूबमध्ये पडू देतात. अंगात हे पाणी असतं साधारण १५० मिलिलिटर, आणि रोज नवीन तयार होतं जवळपास ५००. काढलेलं दहा-बारा मिलिलिटर तासाभरात भरून निघतं.

त्रास होतो तो डोकेदुखीचा. बसलं की दुखतं, आडवं झालं की उतरतं. बोथट टोकाची बारीक सुई वापरली तर हे प्रमाण बरंच घटतं, म्हणून तशी सुई आहे का ते आधीच विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. मनाने बंद करू नका. आणि बी-१२, थायरॉइड, मेंदूचा स्कॅन हे सगळं आधी झालेलं असावं.

प्रश्न : अमायलॉइड मेंदूत साचतं म्हणतात. मग आईच्या रिपोर्टमध्ये अमायलॉइड बीटा ४२ कमी कसं? टाऊ मात्र जास्त आहे. (नाशिक)

अमायलॉइड आणि टाऊ ही मेंदूतली प्रथिनं, अल्झायमरमध्ये दोन्ही बिघडतात. अमायलॉइड साचतं म्हणूनच पाठीतल्या पाण्यात कमी. जे मेंदूत थर होऊन अडकलं, ते पाण्यात उतरत नाही. टाऊमध्ये दोन आकडे पाहा. एकूण टाऊ पेशींना इजा झाली की वाढतं, अगदी पक्षाघातानंतरसुद्धा. फॉस्फोरिलेटेड टाऊ, म्हणजे फॉस्फेट जोडलं गेलेलं टाऊ (रिपोर्टमध्ये पी-टाऊ), वाढलं असेल तर संशय अल्झायमरवर जास्त जातो.

नुसत्या ४२ वर मी विसंबत नाही. काहींच्या अंगात अमायलॉइड मुळातच कमी बनतं, म्हणून अमायलॉइड बीटाच्या ४२ आणि ४० या दोन प्रकारांचं गुणोत्तर बघायचं. दुसरी गोष्ट ट्यूबची. अमायलॉइड काचेला आणि पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकला चिकटतं, त्यामुळे नमुना पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्येच घ्यावा लागतो. नाहीतर निरोगी माणसाचाही आकडा खाली येईल! प्रत्येक लॅबची मर्यादा वेगळी असते, तेव्हा आईचा आकडा नेटवरच्या आकड्याशी ताडून पाहू नका.

प्रश्न : मी ५६ वर्षांची. आईला अल्झायमर होता. मला काही त्रास नाही, तरी तपासून घेऊ का? (ठाणे)

नको. अमायलॉइड साचलेलं असूनही शेवटपर्यंत स्मृती शाबूत राहिलेली माणसं पुष्कळ असतात. अमेरिकेत मे २०२५मध्ये रक्तातल्या पी-टाऊ २१७वर (फॉस्फोरिलेटेड टाऊचा एक प्रकार) आधारित चाचणीला मान्यता मिळाली, तीही लक्षणं असलेल्यांसाठीच. त्यापेक्षा रक्तदाब, साखर आणि कान तपासून घ्या. ऐकू कमी येत असेल तर मशीन लावायला लाजू नका.

प्रश्न : सासरे तीन महिन्यांत चालेनासे झाले, माणसं ओळखत नाहीत, अंग दचकून उडतं. वयानुसार असं होतं का? (सोलापूर)

नाही. अल्झायमर असा महिन्यांत धावत नाही. एक शक्यता क्रॉइट्झफेल्ड-याकोब रोगाची, म्हणजे मेंदू झपाट्याने निकामी करणाऱ्या एका दुर्मिळ आजाराची. पाठीतल्या पाण्यावर आरटी-क्विक नावाची चाचणी होते; ती पॉझिटिव्ह आली तर निदान जवळपास पक्कं. त्यावर इलाज नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली तरी चित्र असंच दिसतं, त्याची प्रतिपिंडंही याच पाण्यात आणि रक्तात शोधतात, आणि तो आजार उपचारांनी सुधारू शकतो. पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेऊ नका. त्यांना याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्ट असलेल्या रुग्णालयात दाखल करा.