ओबीच्या डोंगरावरचं गाजरगवत वावरात उतरतंय, दाद कुठे मागायची?

भाऊ,

वाचकांसाठी तुमची अडचण आधी थोडक्यात सांगतो. वणी भागात तुमचं चार एकर वावर उरलंय, बाकीची जमीन कोळसा खाणीत गेली. आता खाणही बंद आहे. ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या डोंगरावर सरकारी कोळसा कंपनीने सुबाभूळ लावली आणि तिच्याखाली कंबरभर गाजरगवत माजलंय. तीन वर्षांपासून त्याचं बी वाऱ्याने आणि पावसाच्या लोंढ्याने तुमच्या कपाशीत येतंय. डोंगराची माती नाल्यात बसते आणि नाल्याचं पाणी वावरात शिरतं. निंदणाच्या मजुरीने कंबरडं मोडलंय. कंपनी म्हणते, झाडं लावली, अट पूर्ण झाली. तण काढायला लावता येईल का, भरपाई मिळेल का आणि गेलेली जमीन परत मिळेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

पहिला सल्ला ऐकून तुम्हाला राग येईल. अर्ज गाजरगवताच्या नावाने करू नका. आपोआप उगवलेल्या तणासाठी शेजाऱ्याला जबाबदार धरणं कायद्याला पहिल्यापासून जड गेलंय. 1890 साली इंग्लंडमध्ये गाइल्स विरुद्ध वॉकर या खटल्यात शेजाऱ्याच्या रानातून काटेरी तणाचं बी उडून आलं होतं. तण कापण्याचं कर्तव्य शेजाऱ्यावर नाही, असं कोर्टाने म्हटलं. पुढे 1980 च्या लीकी खटल्याने नैसर्गिक धोक्याबद्दलही जमीन ताब्यात असणाऱ्याचं कर्तव्य मान्य केलं, त्यामुळे तो जुना निकाल आता लंगडा आहे. तरी समोरचा वकील तो काढणारच. शिवाय गाजरगवत कुठे नाही? पुण्यात 1955 च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि आज ते रस्त्याच्या कडेला आहे, गावठाणात आहे आणि खरं सांगा, तुमच्या धुऱ्यावरही असेल. हे बी डोंगरावरूनच आलं, हे सिद्ध करताना तुमची दमछाक होईल.

भांडायचं ते पर्यावरण मंजुरीच्या अटींवर. कोळसा खाणींच्या मंजुरीपत्रांत साधारणपणे काही ठरलेल्या अटी असतात. वनविभाग किंवा कृषी विभागाच्या सल्ल्याने स्थानिक प्रजातींची झाडं लावायची, हेक्टरी सुमारे 2500. ढिगाऱ्याची माती वाहून जाऊ नये म्हणून चर आणि गाळ अडवणारी तळी बांधायची. आणि वनस्पती स्वतःच्या बळावर टिकेपर्यंत त्या जागेची देखरेख चालू ठेवायची. ही शेवटची अट वकीलही वाचत नाहीत, आणि तुमचं प्रकरण तिच्यावरच उभं राहतं. सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची, तिला स्थानिक म्हणायचं कसं? ती लावून 2500 चा आकडा गाठला म्हणजे देखरेख संपली, असं त्या अटीत कुठेच म्हटलेलं नसतं.

दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाचा आहे. 8 जानेवारी 2020 रोजी कॉमन कॉज प्रकरणात न्यायालयाने केंद्राला सांगितलं की, खाणकाम थांबल्यावर खाणधारकाने खाणीच्या आणि खाणीमुळे बिघडलेल्या जागेवर पुन्हा गवत उगवून ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांना योग्य अशी करावी, ही अट घाला. त्यावर पर्यावरण मंत्रालयाचं 16 जानेवारी 2020 चं परिपत्रक निघालं. चारा हा शब्द अधोरेखित करून ठेवा. गाजरगवताला गुरं तोंड लावत नाहीत, आणि चुकून खाल्लं तर दूध कडू होतं. तणाचा मुद्दा मांडायचा तो इथे, पोटमुद्दा म्हणून.

अमेरिकेत कोळसा खाणींच्या 1977 च्या कायद्याखाली हे बरंच काटेकोर आहे. हिरवळीचं आच्छादन ठरवलेल्या मापाच्या किमान 90 टक्के भरावं लागतं, उपद्रवी वनस्पतींचे कायदे पाळावे लागतात आणि शेवटच्या पेरणीनंतर पाच वर्षं, कमी पावसाच्या भागात दहा वर्षं, जबाबदारी कंपनीवर राहते. आपल्याकडे तणाची टक्केवारी ठरवणारा असा नियम नाही, म्हणून अटींच्या शब्दांवर लढावं लागतं.

तुम्ही ज्या खनिज संवर्धन नियमांचा हवाला दिलाय, ते कोळशाला लागू नाहीत. कोळशासाठी कोळसा मंत्रालयाची खाणबंदीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 2009 ची आणि नंतर सुधारलेली. त्यांनुसार कंपनीला एस्क्रो खात्यात, म्हणजे काम होईपर्यंत हात लावता येत नाही अशा खात्यात, पैसे ठेवावे लागतात. कामाची तपासणी झाल्यावर ते टप्प्याटप्प्याने सुटतात. शेवटची रक्कम सुटण्याआधी कोळसा नियंत्रकाकडे तुमची लेखी हरकत पोचली पाहिजे. माझ्या मते नोटिशीपेक्षा कंपनीला हेच जास्त झोंबतं.

आता मुदत. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या कायद्यात कलम 14 खाली सहाच महिने मिळतात, तुमचे ते केव्हाच गेले. कलम 15 खाली भरपाई, मालमत्ता पूर्ववत करणं आणि त्या भागाचं पर्यावरण पूर्ववत करणं, तिन्ही मागता येतं आणि मुदत पाच वर्षांची आहे. ती नुकसान पहिल्यांदा झालं तेव्हापासून मोजतात, म्हणून पहिल्या पावसाळ्याची तारीख नक्की करा. अर्ज पुण्याच्या खंडपीठात जाईल. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, किमान हजार रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते माफ आहे.

त्याआधी माहिती अधिकारात कंपनीकडेच अर्ज टाका, दहा रुपये लागतात. मंजुरीपत्र, लावलेल्या झाडांची प्रजातवार यादी, किती जगली त्याचा हिशोब, खाणबंदी आराखडा, एस्क्रोतून उचललेल्या रकमांचे तपासणी अहवाल आणि सहामाही अनुपालन अहवाल, म्हणजे अटी पाळल्याचे अहवाल, मागा. हे सहामाही अहवाल पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूर कार्यालयात जातात, तिथेही एक तक्रार द्या. गाळाचा पंचनामा तलाठ्याकडून आणि तणाची पाहणी तालुका कृषी अधिकाऱ्याकडून करून घ्या. पण त्याआधी स्वतःचा धुरा साफ करा, नाहीतर पहिला फोटो तुमच्याच धुऱ्याचा निघेल. मजुरांच्या पैशांची वही, सातबाऱ्यावरचा पीकपेरा आणि नाल्याचे तारखेसह फोटो जपून ठेवा. भरपाईत गाळाचं नुकसान आधी मांडा, तणाचं नंतर. गाळ कुठून आला हे नाल्याच्या उतारावरून दाखवता येतं.

गावातली पोरं उन्हाळ्यात डोंगरावरचं वाळलेलं गवत पेटवायचं म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना आजच थांबवा. ओबीत कोळशाचे तुकडे असतात. एकदा धग आत शिरली की तो डोंगर महिनोन्महिने धुमसत राहतो. वर गुन्हा दाखल होईल आणि लवादात कंपनी म्हणेल, वृक्षारोपण गावकऱ्यांनीच जाळलं. परस्पर चढून तणनाशक फवारणंही टाळा.

गेलेल्या जमिनीबद्दल आशा लावत नाही. तुमच्या कागदांवरून ती 1957 च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याखाली गेलेली दिसते. त्या कायद्यात खाण संपल्यावर मूळ मालकाला जमीन परत देण्याची तरतूद नाही. मोबदला किंवा नोकरीबाबत काही थकलं असेल तर तो वेगळा दावा आहे, त्याची कागदपत्रं पाठवा.