१९९१ साली मुदत संपलेले रोल आगफा क्लिक-३ मध्ये चालतील का?

तुमच्या आबाजींच्या ट्रंकेत क्लिक-३ कॅमेरा आणि ऑर्वो एनपी-२२ या कृष्णधवल फिल्मचे तीन कोरे रोल निघाले. ते चालतील का आणि यवतमाळकडे कोण धुवून देईल, असं तुम्ही विचारलंय.

रोल चालतात. धुवायला मात्र कोणाकडे देऊ नका. माझ्याकडच्या अशाच तीन रोलांपैकी पहिला मी तालुक्याच्या एका स्टुडिओत दिला होता, तो काळाकुट्ट होऊन परत आला. "जुना रोल हाये, जास्त वेळ ठेवाच लागते," म्हणून त्यांनी १८ मिनिटं डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात) ठेवला, तोही मे महिन्यात, नळाच्या कोमट पाण्यात. ही समजूत अजूनही जो तो सांगतो आणि ती साफ चूक आहे. वर्षानुवर्षं उष्णता खाल्लेल्या फिल्मवर चांदीचे काही कण उजेड न पाहताच डेव्हलप व्हायला टपलेले असतात. तोच फॉग. वेळ वाढवली की तो भराभर चढतो आणि सावलीतलं बारीकसारीक सगळं त्याच्याखाली गडप होतं. जास्तीचं जे द्यायचं ते कॅमेऱ्यात, उजेडाच्या रूपात द्या.

'दहा वर्षांना एक स्टॉप' (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) हा हिशेब बऱ्यापैकी थंड जागी राहिलेल्या रोलांचा. टिनाखाली ४५ अंश सोसलेल्या रोलला मी वर आणखी एक स्टॉप धरतो. एनपी-२२ चा वेग (उजेडाला किती लवकर दाद देतो तो आकडा) मूळचा १२५, म्हणजे तो १६ किंवा ८ चा समजायचा. आता क्लिककडे बघा. भर उन्हात १२५ च्या फिल्मला एफ/१६ वर १/१२५ सेकंद पुरतो. क्लिक उन्हाच्या खुणेवर साधारण एफ/११ आणि १/३० देतो, म्हणजे तीन स्टॉप आपोआपच जास्त. दहा ते चार, ऊन पाठीशी, एवढं पाळलं की झालं. चौथा स्टॉप हवा असेल तर कॅमेरा ओट्यावर किंवा बंडीच्या चाकावर पक्का टेकवा आणि रोल न फिरवता दोनदा खटका दाबा. या कॅमेऱ्यात त्याला अडवणारं काही नाही. बैल, माणसं हलतात. देऊळ, विहीर, कोठा यांना ही युक्ती चालते.

मागच्या लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि आकडा बघायचा तेव्हाच, सावलीत, उचला. एनपी-२२ ला लाल उजेड दिसतो.

माझे उरलेले दोन रोल मी घरीच धुतले. गोळा होऊन बसलेली १२० ची (या कॅमेऱ्यात बसणाऱ्या रुंदीची) फिल्म धुण्याच्या डब्यातल्या स्पायरल चक्रीत शिरत नाही. फिल्म कागदाला जिथे चिकटपट्टीने जोडलेली असते ते टोक आधी घाला, ते जाड असल्यानं सरळ जातं. चेंजिंग बॅगेत (उजेड न शिरणाऱ्या, हात घालायच्या पिशवीत) हाताला घाम सुटला की फिल्म प्लास्टिकला चिकटते, म्हणून हे काम पहाटे करा. मे महिन्यात नळाचं पाणी ३६ अंशांच्या आसपास होतं, माठातलं २७. माठाच्या पाण्याच्या बादलीत बर्फ घालून त्यात बाटल्या ठेवल्या आणि २० वर आणल्या. पावसाळ्यात हवा दमट असते, माठ एवढा गार होत नाही, तेव्हा बर्फ जास्त धरा. डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायचं पाणी यांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको. गरम पाण्यात जेलॅटिन फुगतं आणि फिल्मवर जाळी पडते.

डेव्हलपर म्हणून डी-७६ न पातळ करता, २० अंशांवर ८ मिनिटं. दुसरा रोल करडा आला, पण प्रिंट निघाले. तिसऱ्याला डेव्हलपरमध्ये फॉग रोखणाऱ्या बेन्झोट्रायझोलचं ०.२ टक्क्यांचं द्रावण लिटरला १५ मिली घातलं. करडेपणा बराच उतरला. ते घातलं तर फिल्मचा वेग थोडा घटतो, म्हणून तेव्हा दोनदा खटका दाबाच. हायपो लिटरला २५० ग्रॅम आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट २५ ग्रॅम. हायपो विरघळताना पाणी गार पडतं, तेव्हा कोमट पाण्यात आधी तो विरघळवा, गार झाल्यावर मेटाबायसल्फाइट घाला.

आपल्याकडचं बोअरचं पाणी खारं, वाळताना पांढरे डाग सोडतं. शेवटची बुडी ट्रॅक्टरच्या गॅरेजात मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्यात द्या (ॲसिड नव्हे, डिस्टिल्ड). वाळत घालायला कुलरसमोरची जागा नको, धूळ चिकटते.

तिन्ही रोल एकाच डब्यातले असतील तर एक चाचणीसाठी खर्ची घाला. निगेटिव्हवर कागदाचे आकडे किंवा ठिपके उमटले तर ती ओल आहे, त्यावर इलाज नाही. अशा रोलावर लग्न, बारसं घेऊ नका. आणि आधी नीट बघा, कागदी पट्टीवर 'एक्स्पोज्ड' लिहिलेलं तर नाही ना. असेल तर तो रोल कोरा नाही, त्यात आबाजींनी काढलेले फोटो आहेत. तो कॅमेऱ्यात घालू नका, बेन्झोट्रायझोलही कमी, ८ मिलीच घाला, आणि बाकीचे दोन धुवून हात बसला की मगच तो उघडा.