क्वेकर 'चर्चविरोधी' होते का?

'क्वेकर' म्हणजे काय, आणि ते 'चर्चविरोधी' होते असे लिहिलेले चालेल का, अशी पृच्छा आहे.

पहिले चटकन. क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला ख्रिस्ती पंथ. 'क्वेक' म्हणजे थरथरणे. १६५० साली डर्बीत पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने न्यायाधीश बेनेटला देवाच्या वचनापुढे थरथर कापायला सांगितले, त्यावरून बेनेटने हे हिणवणारे नाव पाडले, असे फॉक्स स्वतः लिहितो. रॉबर्ट बार्कले म्हणतो, सभेत अंग कापे म्हणून. बार्कले पंथाचा मोठा पंडित खरा, पण १६५०मध्ये तो जेमतेम दोन वर्षांचा होता! मी फॉक्सचे धरतो.

आता 'चर्चविरोधी'. हा शब्द वाचला की माझे डोके उठते. फॉक्स दगडी इमारतीला चर्च म्हणायलाच तयार नव्हता. त्याच्या लेखी ते 'स्टीपल-हाउस', मनोऱ्याचे घर. चर्च म्हणजे माणसे! १६४९ साली नॉटिंगहॅमच्या अशाच घरात प्रवचन चालू असताना तो मध्येच बोलला आणि तुरुंगात गेला. पुढे त्याच्या अनुयायांनी मनोऱ्याच्या घरासाठी आणि त्यातल्या धर्मगुरूंसाठी दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) द्यायचे नाकारले. गुरेढोरे जप्त झाली तरी दिला नाही.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. इंग्रजी 'चर्च' आला ग्रीक 'कुरिआकोन'वरून, म्हणजे प्रभूचे (घर). शब्द मुळातच घराचा! बायबलच्या नव्या करारात मात्र 'एक्लेसिया' आहे, म्हणजे बोलावून जमलेली सभा. १५२६मध्ये बायबलचा इंग्रजी अनुवादक टिंडल याने त्याला 'काँग्रिगेशन' (जमलेले लोक) केले. कॅथलिक विद्वान टॉमस मोर त्याच्यावर तुटून पडला. १६११च्या राजमान्य इंग्रजी बायबलसाठी तर 'चर्च'च ठेवा असा नियमच घातला होता. माझे ठाम मत आहे की टिंडलचा शब्द टिकता तर फॉक्सला 'स्टीपल-हाउस' हा शब्द वापरावाच लागला नसता. 'चर्च म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर' एवढ्यावर थांबणाऱ्या कोशांनी हा सगळा झगडाच गाळून टाकला आहे.

आपल्याकडे मात्र पाहा. गोव्यातली 'इगर्ज' पोर्तुगीजमार्गे त्याच एक्लेसियातून आली, पण इमारतीला चिकटली. मराठी बायबलात एक्लेसियाला शब्द आहे 'मंडळी'! फॉक्सला हवा होता नेमका तोच अर्थ. तेव्हा लिहायचेच असेल तर 'राजमान्य चर्चच्या विरोधात' असे लिहा. मंडळीच्या विरोधात क्वेकर कधीच नव्हते.