घरच्या टोमॅटोला पानांवरून कोणतं खत फवारायचं आणि किती?

तुम्ही विचारलंय की कुंडीतल्या टोमॅटोला पानांवरून कोणतं खत, किती आणि किती दिवसांनी फवारायचं, आणि फळांची बुडं काळी पडताहेत त्यावर कॅल्शियमची फवारणी चालेल का. पहिलं चार ओळींत उरकतं. दुसऱ्यावरून माझा आणि मेहुण्यांचा दोन वर्षं वाद चालू आहे, तिथे जरा लांबण लागणार.

रोप लावून पंधरा दिवस झाले की 19:19:19 (पुडीवरचे हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पोटॅशचे टक्के) लिटरला 1 ग्रॅम, पुढे 2 ग्रॅम. कळी दिसली की 0:52:34 आणि फळं सुपारीएवढी झाली की 13:0:45, दोन्ही 2 ग्रॅमच. शेतात लिटरला चार-पाच ग्रॅमही मारतात, तो हिशेब गच्चीवर आणू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 2 ग्रॅम धड मोजता येत नाहीत आणि चमच्याचा भरवसा नाही. म्हणून 20 ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं 100 मिली घेऊन त्यात 900 मिली साधं पाणी घाला. झालं 2 ग्रॅमचं द्रावण.

आता ही फवारणी झाडाला किती देते ते बघा. भरल्या अंगाच्या झाडाला साधारण 150 मिली द्रावण लागतं. 2 ग्रॅमच्या हिशेबाने त्यात खत 0.3 ग्रॅम, आणि 19 टक्क्यांनी नत्र जेमतेम 0.06 ग्रॅम. एक टन टोमॅटोमागे पीक अंदाजे अडीच-तीन किलो नत्र उचलतं, म्हणजे तीन किलो फळं देणाऱ्या झाडाला आठेक ग्रॅम हवं. नुसत्या पानांवरून ते भरून काढायचं तर सव्वाशेच्या वर फवारण्या होतील. जेवण मुळांनाच घालावं लागतं. पानांवरून देतो ते बोट चाटवणं. मेहुण्यांना हे पटत नाही, कारण फवारल्यावर दोन दिवसांत पानं हिरवीगार दिसतात.

त्यांच्या गच्चीवर बारा ग्रो बॅग, सगळ्यांत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि वर मूठभर गांडूळखत. मार्चमध्ये फळं लिंबाएवढी झाली आणि बुडाशी पाणचट डाग पडले. चार दिवसांत ते काळे, चामड्यासारखे आणि आत दबलेले. कॅल्शियमची कमतरता, हे निदान बरोबर होतं. उपाय चुकला. कॅल्शियम नायट्रेट आणि 0:52:34 दोन्ही पुड्या एकाच तांब्यात, बोअरच्या पाण्यात. पाणी ताकासारखं पांढरं झालं. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारा साका बसतो. म्हणजे कॅल्शियमही गेलं, स्फुरदही गेलं, आणि त्या साक्याने पंपाचा नोझल चोंदला. तो टाचणीने टोकरून सकाळी अकराच्या उन्हात फवारणी झाली. पाणी उडून गेलं, क्षार पानाच्या कडेला साठले, संध्याकाळपर्यंत कडा करपल्या.

समजा द्रावण नीट केलं असतं, तरी फळापर्यंत काय पोचलं असतं? कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून पाणी उडतं तिथे जाऊन बसतं. पानं भरपूर पाणी उडवतात, टोमॅटोच्या सालीला तर रंध्रंच नसतात. एकदा पानात बसलेलं कॅल्शियम तिथून निघून फळात जात नाही. त्यामुळे पानावर कितीही मारा, बुडाला त्याचा उपयोग नाही. अगदी कोवळ्या फळावर थेट पडलं तर थोडंफार शिरत असेल. लिंबाएवढ्या फळावर काही नाही.

मी बॅगेत बोट घातलं तर वर ओलं, चार इंच खाली कोरडा भुसा. एक दिवस आड बादलीभर पाणी, ते कडेने सरळ निथळून जायचं. शिवाय न प्रक्रिया केलेलं कोकोपीट स्वतःच कॅल्शियम धरून ठेवतं आणि पोटॅश सोडतं. त्यावर हे वरून पोटॅश घालत होते. पोटॅश, मॅग्नेशियम आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र वाढलं की मुळं कॅल्शियम कमी उचलतात. पाणी सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं केलं, वर वाळल्या पाचोळ्याचा थर दिला आणि आठवड्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला 1 ग्रॅम मुळाशी, दुसऱ्या कशातही न मिसळता. डाग पडलेली फळं खुडून टाकली, ती सुधारत नसतात. तीन आठवड्यांनी नवी फळं स्वच्छ आली. श्रेय अर्थातच फवारणीला गेलं.

आता फवारणी जिथे खरंच कामाची आहे ते. खालची जुनी पानं शिरा हिरव्या ठेवून मध्ये पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम सल्फेट 5 ग्रॅम लिटरला, आठवड्याच्या अंतराने दोनदा. शेंड्याची कोवळी पानं तशी दिसली तर लोह कमी आहे. तिथे चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम नव्हे. सलग पावसाने कुंडी तुंबून मुळं गुदमरली असतील तेव्हाही 19:19:19 पानांवरून आधार देतं. नीम कोटेड युरिया विरघळवून मारू नका, त्याचा तेलकट अंश नोझलला त्रास देतो आणि टोमॅटोचं कोवळं पान युरियाने पटकन भाजतं.

फवारणी सकाळी आठच्या आत, धुक्यासारखी बारीक, पानांच्या खालच्या बाजूनेही, आणि थेंब ओघळायच्या आत थांबायचं. संध्याकाळी मारून पानं रात्रभर ओली राहिली की करप्याला आमंत्रण. आधी एकाच झाडाच्या दोन पानांवर मारून दोन दिवस बघा. ज्या पंपाने कधी तणनाशक मारलं असेल तो टोमॅटोजवळ आणू नका, धुतला असला तरी. 2,4-डी या तणनाशकाचा अंश राहिला तर शेंडा पिळवटतो आणि लोक त्याला व्हायरस समजतात.

अंतर सांगायचं राहिलं: दहा-बारा दिवस. झाड जोमात असेल तर तेही नको.

तुमच्याकडे चार कुंड्या असतील तर एक काम करा. चारहींत माती, खत, जात एकच ठेवा. दोन कुंड्यांना पाणी रोज नेमाने द्या आणि पानांवर कॅल्शियम अजिबात नको. दोन कुंड्यांना कॅल्शियमची फवारणी हवी तितकी करा, पाणी मात्र मेहुण्यांसारखं, एक दिवस आड बादलीभर. महिनाभराने काळ्या बुडाची फळं मोजा आणि आकडे इथेच खाली टाका. मला ते त्यांना वाचून दाखवायचे आहेत.