मातीचं भांडं नवीन घेतलंय? एवढं करा

ताई, भांडं आणल्या आणल्या गॅसवर चढवू नका. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी त्यात तांदळाची पेज मंद आचेवर उकळा आणि तशीच गार होऊ द्या. पेजेतला स्टार्च बारीक छिद्रं बुजवतो.

नवशिक्यांची भांडी तडकतात ती बहुधा अशी:
- रिकामं भांडं तापवणं
- तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतणं
- उतरवून थेट ओल्या ओट्यावर टेकवणं (चुंबळ ठेवा, लाकडी पाट चालेल)

साबण मात्र नकोच, तो मातीत मुरतो. गरम पाणी आणि नारळाची शेंडी पुरे. धुतल्यावर उपडं न ठेवता वारं लागेल असं पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

सुरुवात साध्या वरणाने करा. माशाच्या कालवणाला दुसरं भांडं घ्या, वास जात नाही. फोडणीचं नंतर बघू.