बास (गोड्या पाण्यातला एक मासा) फिशिंगच्या टूर्नामेंटमध्ये सारखा मागे पडतोय, या स्लंपमधून बाहेर कसं यायचं?

आधी हे बघा की मासेच लागत नाहीयेत की लागलेले निसटतायत, दोन्ही वेगळे प्रॉब्लेम आहेत. निसटत असतील तर हुक बदला, लाइनचा शेवटचा भाग खरखरीत झालाय का ते बोट फिरवून बघा, गाठ नव्याने मारा. कित्येक जण एवढंही करत नाहीत.

मासेच लागत नसतील तर बहुतेक वेळा आपण जुन्या स्पॉटच्या आठवणीवर फिशिंग करत असतो, पाणी मात्र बदललेलं असतं, तापमान, पातळी, गढूळपणा सगळंच, आणि अंडी घालून झाल्यावर बरेच मासे खोलात सरकतात तरी आपलं उथळात टाकणं चालूच. अशा वेळी मोठ्या माशाचा नाद सोडून ड्रॉप शॉट किंवा नेड रिग (छोट्या, हलक्या आमिषाची हुक-वजनाची जोडणी) लावायची आणि आधी लिमिट भरायची (बऱ्याच स्पर्धांत पाचच मासे वजनाला धरतात), रिस्क नंतर. दर थोड्या वेळाने लूर (नकली आमिष) बदलणं तर बंदच करा. मध्ये एखादा दिवस स्पर्धा सोडून नुसतं मजेसाठी जा.

वयाचं टेन्शन असेल तर अमेरिकन बास फिशिंगपटू रिक क्लन यांनी २०१९ मध्ये वयाच्या ७२व्या वर्षी बासमास्टर एलिट सिरीज या तिथल्या मोठ्या व्यावसायिक मालिकेतली स्पर्धा जिंकलीये!